सरांचं टाचण कोणी खोडायचं?

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, आणि लाजूनही सांगत नाही. भाजीवाली "ताजी आहे अक्का" म्हणाली की मी मेथीची जुडी सोडून आतल्या काड्या बघते. ऑटोवाला फारच गोड बोलला की मी रस्त्याकडे नीट लक्ष ठेवते. बेळगावात आमची आई म्हणायची, माणसावर विश्वास ठेवावा, पण डब्याचं झाकण उघडून बघावं. मी झाकणं उघडत मोठी झाले, लग्न होऊन बेंगळुरात राजाजीनगरला आले आणि पुढे झाकणं उघडण्याचाच पगार घ्यायला लागले.

व्हाइटफील्डच्या एका कंपनीत माझी नोकरी आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी बसून, पण मिळून अभ्यास करायचा, त्यासाठी आमची कंपनी ऑनलाइन व्यवस्था बनवते. विद्यार्थ्याच्या शेजारी बसायचं, त्याचं बोट कुठे अडतं, कुठे चुकीच्या जागी पडतं ते बघायचं आणि त्याप्रमाणे आमच्या पोरांना रचना बदलायला लावायची, हे माझं काम. या कामात पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते, ती म्हणजे विद्यार्थी खरं बोलत नाहीत. अर्धा तास झाला तरी बटण सापडलेलं नसतं, कपाळावर घाम असतो, आणि विचारलं की उत्तर काय? "छान आहे मॅडम." छान कसलं, कप्पाळ! म्हणून मी तोंडाकडे बघतच नाही, बोटांकडे बघते.

त्या वर्षी आमच्याकडे शिक्षकांचा एक कोर्स आला होता. शाळेत आधीपासून शिकवणाऱ्या, पण हातात सर्टिफिकेटचा कागद नसलेल्या लोकांसाठी वर्षभराचा ऑनलाइन कोर्स. चार-चार जणांचा गट, आणि प्रत्येक गटाने मिळून पाठाची टाचणं तयार करायची. टाचण म्हणजे तास कसा घ्यायचा त्याचा आराखडा: आधी काय विचारायचं, मुलांकडून काय करून घ्यायचं, किती मिनिटांत. चौघांसाठी एक सामायिक पान आणि प्रत्येकाच्या लिखाणाला वेगळा रंग. कोणी दुसऱ्याचं काही खोडलं तर खोडलेली ओळ लगेच नाहीशी होत नसे. तिच्यावर लाल रेघ पडे, शेजारी खोडणाऱ्याचं नाव येई आणि दिवसभर ते चौघांनाही दिसे. ही माझीच कल्पना. मीटिंगमध्ये मी तिला पारदर्शकता म्हटलं होतं, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या.

कोर्सच्या ऑफिसची तक्रार होती की गटात एक जण राबतो आणि बाकीचे आयत्या बिळावर नागोबा. आमचा मॅनेजर पुण्याचा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी त्याला मनात "अरे" म्हणते आणि तोंडाने "तुम्ही". तो म्हणाला, "ताई, बेसिकली आपल्याला कळलं पाहिजे ना, कोण काम करतंय आणि कोण टाइमपास."

मी चार दिवसांत करून दिलं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक गोल. आठवड्यात पुरेसं लिहिलं, बदललं, खोडलं तर हिरवा. थोडंफार केलं तर पिवळा. काहीच नाही तर लाल. तो गोल पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मला फार आनंद झाला. इतकी वर्षं नातेवाईक ज्याला खोड म्हणत आले, त्या माझ्या स्वभावाचं चीज झालं असं वाटलं.

नियमाप्रमाणे मी तो तीन विद्यार्थ्यांना दाखवला. "छान आहे मॅडम," तिघेही म्हणाले. आणि नोकरीत पहिल्यांदाच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

कोर्सचं वर्ष संपत आलं तेव्हा एका गटावर माझी नजर अडकली. तीन गोल हिरवेगार, चौथा पहिल्या आठवड्यापासून लाल. हिरव्यांत एक छप्पन वर्षांचे सर होते, इलेक्ट्रॉनिक सिटीकडच्या एका शाळेत आयुष्य घालवलेले. दोन मध्यमवयीन शिक्षिका. आणि लाल गोलावाली तेवीस वर्षांची मुलगी, राजाजीनगरच्याच एका छोट्या शाळेत बालवर्गाला शिकवणारी, मूळची निपाणीची. न लिहिणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत. ते पान उघडतच नाहीत. ही मात्र रोज उघडत होती. रोज तास-दीड तास पान उघडं, आणि एक अक्षर लिहिलेलं नाही!

मी म्हटलं, इथे पाणी मुरतंय.

मग मी तिच्या नोंदी काढून बसले. एक गोष्ट अशी दिसली की माझा चहा तसाच निवला. तिने पान उघडलं की थोड्या वेळाने सरांच्या टाचणात बदल व्हायचा. कधी वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, पण व्हायचाच. ती नसेल त्या दिवशी सरांचं टाचण जसंच्या तसं. आता याचा अर्थ काय लावायचा? सरांचा पासवर्ड तिच्याकडे आहे? की सर तिच्याही नावाने आत येतात आणि लिहिताना मात्र चुकून आपल्याच खात्यातून लिहितात? की ही पोरगी तयार टाचणं उतरवून दुसऱ्या गटाला पोचवते? मला तिसरी गोष्ट पटली. दीड-दीड तास नुसतं वाचत कोण बसतं हो आजकाल?

आमच्या ऑफिसच्या सामायिक पानावर मी नोंद केली: रोज वाचते, लिहीत काहीच नाही, मजकूर बाहेर जात असण्याची शक्यता. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्याखाली आपल्या निळ्या रंगात लिहिलं: फ्रॉड, सर्टिफिकेट होल्ड करा. माझ्या शक्यतेचा एका रात्रीत फ्रॉड झाला होता. मला ते खटकलं. पण मॅनेजरचं लिहिलेलं, त्याला कोण सांगणार, म्हणून मी पान बंद केलं. त्या आठवड्यातच कोर्सच्या ऑफिसचं पत्र तिला गेलं की तुमचं सर्टिफिकेट रोखलं आहे, पंधरा दिवसांत खुलासा करा.

"ताई, तुमच्या घराजवळच आहे ना तिची शाळा? आणि मुलगी मराठी आहे," मॅनेजर म्हणाला. "जरा जाऊन प्रूफ घेऊन या ना."

मी गेले. खरं सांगायचं तर उत्साहाने गेले.

जेवणाची सुट्टी होती. मुलं बाहेर, आणि ती वर्गात फळा पुसत होती. मी कुठून आले ते सांगितल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला, पण पहिला प्रश्न तिने हाच विचारला, "जेवलात काय अक्का?" नाही म्हटल्यावर डब्यातलं चित्रान्न झाकणात काढून माझ्यापुढे ठेवलं. मी ते खाल्लं. मनात म्हणत होते, चित्रान्नाची लाच देतेस होय? भात चांगला झाला होता, शेंगदाणे कुरकुरीत.

बालवर्गाच्या त्या वीतभर खुर्च्यांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो. तिने आपणहून सगळं सांगितलं. शाळेने सांगून ठेवलंय, सर्टिफिकेट असेल तर जूनपासून पक्की, नसेल तर जूनपासून नको. वडिलांनी एकच वर्ष दिलंय. ते वर्ष संपत आलंय. नोकरी गेली की खोली सोडायची आणि निपाणीला जायचं. "तिथं काय शाळा न्हाईत असं न्हाई," ती म्हणाली, "पण एकदा घरात गेले की कोण सोडतंय मला परत?"

"मग लिहीत का नाहीस?" मी सरळ विचारलं.

"लिहिते की."

तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. मी उघडली आणि माझ्या अंगातून सळसळत गेलं. गटातली सगळी टाचणं अक्षर न अक्षर हाताने उतरवलेली! सापडली, म्हटलं.

"ही वही कोणाला देतेस?"

"कुणाला देणार?" तिला प्रश्नच कळला नाही. "हातानं लिहिल्याबिगर माझ्या डोक्यात जात न्हाई, म्हणून उतरून घेते."

समासात पेन्सिलीने बारीक बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नाही. मी म्हटलं, "रोज जे करतेस ते आत्ता माझ्यासमोर कर. मी इथे नाही असं समज."

तिने फोनवर पान उघडलं. सरांचं नवीन टाचण होतं, झाडांच्या पानांवर. मुलांनी अंगणातली पानं गोळा करायची, मोजायची आणि कागदावर डिंकाने चिकटवायची. वेळ दहा मिनिटं. तिने ते सावकाश वहीत उतरवलं. दहा मिनिटं या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं: पानं आदल्या दिवशी आणायला सांगणे. मी म्हटलं, आता बोट पडद्यावर जाणार. गेलं नाही. तिने फोन लावला, सरांना. मी खूण केली तसा स्पीकर चालू केला.

"नमस्कार सर. ऊट आयता?"

जेवण झालं होतं. मग सरांचा गुडघा निघाला. मग त्यांच्या शाळेचे नवे हेडमास्तर निघाले. मग इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसची गर्दी. हे सगळं कानडीत, सावकाश, आणि मी घड्याळ बघत बसलेली. मग ती म्हणाली, "सर, पानांचं टाचण मला फार आवडलं. मी वर्गात मनातल्या मनात करून बघितलं. आमचीच मुलं हळू आहेत बघा सर, दहा मिनिटांत त्यांचा डिंकच वाळत नाही. नन्न तप्पे इरबहुदु, सर." माझीच चूक असेल.

मग सर म्हणाले, "हं. मीही तोच विचार करत होतो. पानं आदल्या दिवशीच आणायला सांगू की."

"हां सर! ते फार छान होईल."

फोन ठेवला. दोन-तीन मिनिटांत आमच्या डोळ्यांदेखत सरांची ओळ बदलली, सरांच्या रंगात, सरांच्या नावावर. त्यांचा गोल हिरवा होता, तो हिरवा राहिला. तिचा लाल होता, तो लाल राहिला.

मला राग आला. "अगं शहाणे, सगळं तुला कळलं होतं ना? मग स्वतः का नाही बदललंस? एक बोट लावायचं होतं!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सरांचं लिहिलेलं मी खोडू? लाल रेघ मारून? आणि शेजारी माझं नाव, सगळ्यांदेखत?" तिने फळ्याकडे हात केला. "सर फळ्यावर लिहायलेत, आणि मी बाकावरनं उठून डस्टरनं पुसायचं, असं न्हवं काय हे?"

ती लाल रेघ कोणाच्या डोक्यातून आली होती, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. तोंड नव्हतं.

पण संशय असा एका भेटीत जातो होय? घरी येईपर्यंत माझ्या मनात पुन्हा सुरू झालं. मी येणार हे कळून आधीच ठरवून ठेवलं असेल तर? सरांना सामील करून घेतलं असेल तर? म्हणून संध्याकाळी मी सरांना फोन केला. कोर्स कसा वाटतो, एवढंच विचारायचं निमित्त. बोलता बोलता मुलीचा विषय काढला.

"चांगली मुलगी आहे," सर म्हणाले. "रोज फोन करते, गुडघ्याची चौकशी करते. आता अभ्यासाचं म्हणाल तर स्वल्प कमीच. टाचणं माझी मीच सुधारतो. एकदा लिहिलं की दुसऱ्या दिवशी मला त्यातली चूक दिसतेच. वय झालं तरी डोकं चालतंय मॅडम."

मी अठरा वर्षं लोकांचं खोटं ऐकत आले आहे. सर खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की सगळं त्यांनाच सुचतंय. तिने ते इतक्या हळुवार हातांनी केलं होतं की ज्याचं टाचण सुधारलं त्यालाही पत्ता नव्हता. आणि म्हणून तिच्या बाजूने बोलायला जगात एकही साक्षीदार नव्हता.

दोन दिवसांनी मी पुन्हा शाळेत गेले. तिची वही, तिच्या फोनमधली कॉलची यादी आणि माझ्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बसले. पान उघडलं, फोन गेला, सरांची ओळ बदलली. पुन्हा पान, फोन, ओळ. जिथवर कॉलची यादी मागे जात होती तिथवर एकही दुरुस्ती याला अपवाद निघाली नाही. त्याआधीचं वहीतल्या पेन्सिलीवरून कळत होतं. म्हणजे मी ज्याला पुरावा म्हणून तिचं सर्टिफिकेट रोखायला लावलं, तोच पुरावा तिच्या कामाचा होता. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मला सगळं लाल दिसलं होतं.

"आता सोपं आहे," मी तिला म्हटलं. "सरांना ही वही दाखवू. दुरुस्त्या तुझ्याकडून आल्या असं दोन ओळींचं पत्र त्यांच्याकडून घेऊ. उद्या तुझं सर्टिफिकेट सुटेल."

तिने वही मिटली आणि मांडीवर घेतली. "न्हाई अक्का. सरांना सांगू नका."

"डोकं फिरलंय का तुझं? जूनमध्ये घरी जावं लागेल!"

"जाते की." डोळे भरले होते, पण आवाज तसाच. "पयल्या आठवड्यात गटातल्या एका बाईंनी सरांची एक ओळ खोडली होती. बरोबरच होतं त्यांचं. पण सरांनी त्यानंतर चार दिवस पानच उघडलं न्हाई. मला म्हणाले, माझं काही खरं नाही, कोर्स सोडतो. त्यांना पण सर्टिफिकेट पायजेच हाय न्हवं? नवे हेडमास्तर बसलेतच वाट बघत. म्हणून मी फोन करायला लागले. आता वर्षाच्या शेवटाला त्यांना सांगायचं काय, की यातलं तुम्हाला काहीच सुचलेलं नव्हतं?"

ते चार दिवस माझ्या नोंदींत होते. मला चांगले आठवत होते. मी त्यांच्यापुढे लिहिलं होतं: बहुधा नेटवर्कची अडचण.

मेट्रोत बसले, मॅजेस्टिकला गाडी बदलली आणि व्हाइटफील्ड येईपर्यंत सगळ्यांवर राग काढला. तिच्यावर, की इतकं कशाला चांगलं असावं माणसाने. सरांवर, की छप्पन वर्षांच्या माणसाला एक ओळ खोडलेली सोसू नये. मग राग काढायला दुसरं कोणी उरलं नाही. लाल रेघ माझी, लाल गोल माझा, शक्यता हा शब्द माझा. सरांना मध्ये न आणता तिला सोडवायचं तर एकच वाट होती. गोलच चुकीचा आहे असं लिहून द्यायचं.

ऑफिसात जाऊन मी आमचं ते सामायिक पान उघडलं. माझी नोंद होती ती लगेच खोडली, त्यात काही वाटलं नाही. तिच्याखाली मॅनेजरची निळी ओळ. फ्रॉड, सर्टिफिकेट होल्ड करा. ती राहिली तर माझ्या खुलाशाला काही अर्थ नव्हता. मी ओळीवर बोट ठेवलं, आणि हात पुढे जाईना. ऑफिसचं पानही आमच्याच व्यवस्थेवर चालतं. तिथेही लाल रेघ पडते. कंपनीतल्या सगळ्यांना दिसणार, मॅनेजरच्या वाक्यावर रेघ आणि शेजारी माझं नाव. मी हात मागे घेतला आणि फोन उचलला.

"हॅलो, जेवण झालं का?" मी विचारलं.

"हो ताई, बोला ना."

"काही नाही... माझीच समजण्यात चूक असेल, पण..."

आणि मी तिथेच थांबले. अगं बाई! हे काय बोलतेय मी? अठरा वर्षं मी हेच करत आलेय. किती जणांच्या ओळी मी अशाच त्यांच्या त्यांच्या हातांनी बदलून घेतल्या असतील, जेवण झालं का विचारून, चूक स्वतःवर घेऊन, आणि त्यांच्या रंगात. ऑफिसात माझ्या डोक्यावर गोल असता तर तो कधीचा लाल झाला असता. मला हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पोरगी जे करत होती ते मला घरच्यासारखं ओळखता यायला हवं होतं, आणि मी तिला चोर ठरवून मोकळी झाले होते.

"ताई? आहात ना?"

"आहे. माझीच चूक असेल असं नाही म्हणत मी. म्हणजे माझी आहेच, पण तुमचीही आहे. तुमची ओळ चुकीची आहे. मी ती खोडतेय."

"अॅक्च्युअली, आधी एकदा बोलायचं ना ताई."

"बोलतेच आहे," म्हटलं, आणि खोडली.

तो आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी त्या आठवड्यात इंग्रजीत अहवाल लिहिला. सरांचा त्यात उल्लेख नव्हता. गोल काढून टाकावा, लाल रेघ काढून टाकावी, चूक दाखवायची असेल तर ती फक्त लिहिणाऱ्यालाच कळेल अशी सोय करावी. गटाचं काम पानाबाहेरही चालतं, फोनवर, वहीत, आणि ते आपल्याला मोजता येत नाही हे आधी मान्य करावं. त्या मुलीबद्दल लिहिलं की ती सर्वांत जास्त वाचणारी विद्यार्थिनी आहे, परंतु स्वभावाने भिडस्त असल्याने दुसऱ्याच्या मजकुराला हात लावत नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं. कोर्सचं ऑफिस पंधरा दिवस गप्प बसलं. मग त्यांनी सर्टिफिकेट सोडलं आणि सोबत माझ्या अहवालाची प्रतही तिला पाठवली. शाळेने तिला जूनपासून पक्कं केलं.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी तिचा फोन आला.

"अक्का, जेवलात काय?"

मला बरं वाटलं. म्हटलं, आभार मानायला केला असेल पोरीने. "जेवले गं. तू?"

तिचंही झालं होतं. मग शाळेत आले तेव्हा मी खोकत होते, त्याची तिने चौकशी केली. मेट्रोला अजून तेवढीच गर्दी हाय काय, विचारलं. मुलांनी पानांची चित्रं कशी केली ते सांगितलं. मी खुर्चीत ताठ बसले. इथे पाणी मुरतंय.

"तुम्ही लिहिलेलं वाचलं अक्का. फार छान लिहिलंय. सरांचं नाव कुठं आणलं न्हाई, ते तर फारच चांगलं केलं." मग म्हणाली, "माझंच समजणं कमी असेल. पण त्यात मला शाय म्हणून लिहिलंय बघा. शाय म्हणजे भिडस्तच न्हवं? ज्याला बोलायला जमत न्हाई तो?"

"हो," मी म्हटलं.

"न्हाई, माझीच चूक असेल. पण मी तर रोज बोलत होते."

खिडकीबाहेर ऑफिसच्या कॅब एकीमागे एक लागल्या होत्या.

"हं," मी म्हटलं. "मीही तोच विचार करत होते."

"हां अक्का! ते फार छान होईल."

फोन ठेवल्यावर मी अहवाल उघडला आणि तो शब्द काढला. तिथे लिहिलं की ती रोज बोलत होती. वर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव आपोआप आलं. ते माझं होतं.